गाळ फेकू नका : मँचेस्टरच्या बाटलीतलं विरजण

आजचा भाग गटाराच्या पाण्याबद्दल आहे. जेवता जेवता मोबाईल हातात घेतला असेल तर आधी ताट संपवा, मी थांबतो.

संपलं? चला मग.

आपण फ्लश दाबतो, भांडी धुतो, आंघोळ करतो आणि ते पाणी मोरीच्या जाळीखाली गेलं की आपल्या डोक्यातूनही जातं. पुढे, शहर जरा बरं असेल तर, ते एका मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात पोचतं. अशा केंद्रात कधी गेलात तर काँक्रीटची एक भलीमोठी टाकी दिसेल. तिच्यात चॉकलेटी रंगाचं पाणी चहाला आधण आल्यासारखं उसळत असतं. खालून हवा सोडलेली असते. आणि टाकी नीट चालत असेल तर वास येतो तो ओल्या मातीसारखा. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे खरंच वाटत नाही.

या टाकीमागची पद्धत १९१४ साली मँचेस्टरमध्ये जगासमोर आली. तिची गोष्ट बहुतेक ठिकाणी अशी सांगतात : घाण पाण्यात हवा सोडली, जिवाणूंना ऑक्सिजन मिळाला, त्यांनी घाण खाल्ली, पाणी स्वच्छ झालं. यात खोटं काही नाही, पण ही गोष्ट अर्धीच आहे. कारण नुसती हवा सोडून बघणारे लोक त्याआधी तीस वर्षं होऊन गेले होते, आणि हवा परवडत नाही म्हणून हात टेकून बसले होते. मग १९१४ मध्ये असं वेगळं काय घडलं? आजचा सगळा भाग त्यावरच आहे.

आधी थोडा हिशोब. घाबरू नका, वाण्याच्या दुकानातल्या हिशोबाइतकाच आहे.

आपल्याकडच्या ३० अंश तापमानाला एक लिटर स्वच्छ पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. थंड देशात, २० अंशांना, नऊच्या आसपास. बस, एवढाच. आणि शहरी सांडपाण्याच्या एका लिटरमधली घाण खाऊन पचवायला जिवाणूंना साधारण दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. या मागणीलाच ‘बीओडी’ म्हणतात, बातम्यांमध्ये हा शब्द तुम्ही ऐकला असेल. म्हणजे पाण्याच्या खिशात साडेसात रुपये आणि हॉटेलचं बिल अडीचशेचं!

उरलेले पैसे आणायचे कुठून? वरच्या हवेतून. पण संथ पाण्याच्या पृष्ठभागातून हवा आत झिरपते ती फार हळू. नदीत थोडं सांडपाणी पडलं तर नदी हा व्यवहार वाहता वाहता, दगडांवर आपटता आपटता भागवते. शहरच्या शहर तिच्यात रिकामं केलं की ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे दुसरे जिवाणू ताबा घेतात. पाणी काळं पडतं, सडक्या अंड्यांचा वास सुटतो. मुंबईत मिठी नदीजवळून जाताना नाकाला रुमाल लावला असेल, तर हे रसायनशास्त्र तुम्ही अनुभवलं आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या नद्यांची हीच गत होती. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी घाण सुटली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइमच्या द्रावणात भिजवावे लागले. लंडनने त्यावर उपाय काढला तो म्हणजे घाण पाइपांतून शहराच्या खाली, पूर्वेला नेऊन सोडायची. स्वच्छ करायची नाही, लांब न्यायची. (ओळखीचं वाटतंय ना?)

पाणी स्वच्छ करायचं कसं, हे तोवर कोणाला धड माहीत नव्हतं. एडवर्ड फ्रँकलंड या रसायनतज्ज्ञाने १८६८ ते १८७० च्या सुमारास मैलापाणी माती-वाळूच्या नळ्यांमधून थांबून थांबून सोडलं, मध्ये मध्ये माती कोरडी होऊ दिली, आणि खालून बऱ्यापैकी नितळ पाणी आलं. त्यांचा समज होता की हा नुसता रासायनिक प्रकार आहे. १८७७ मध्ये पॅरिसमध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघांनी जवळपास असाच प्रयोग केला, पण त्यात एक खोडी काढली. पाणी छान शुद्ध होत असताना त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. शुद्धीकरण ठप्प! क्लोरोफॉर्म काढून टाकला तरी बंदच. मग ताज्या मातीचं चमचाभर पाणी वरून टाकलं, आणि काही दिवसांनी काम परत सुरू. जे क्लोरोफॉर्मने मरतं आणि चिमूटभर मातीने परत येतं, ते जिवंतच असणार. मला हा प्रयोग फार आवडतो. एकही महागडं यंत्र नाही आणि उत्तर अगदी स्वच्छ.

त्यानंतर इंग्लंडमध्ये दगडगोट्यांच्या गाळण्या आल्या. मोठाले हौद, त्यात दगड किंवा कोळशाचा कीट, वरून मैलापाणी. दगडांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो, मधल्या फटींतून हवा खेळते, पाणी शुद्ध होतं. पद्धत चांगली होती, पण जागा प्रचंड लागायची. लंडनचे रसायनतज्ज्ञ विल्यम डिबडिन या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधी, १८८० च्या दशकात, मैलापाण्यात सरळ हवा फुंकूनही बघितली होती. मँचेस्टरमध्ये अँगस स्मिथ यांनीही. निष्कर्ष एकच : फायदा थोडा, खर्च फार. विषय संपला.

आता मँचेस्टरला या. कापडाच्या गिरण्या, रंगाचे कारखाने, दाट वस्ती आणि आयर्वेल नावाची गरीब बिचारी नदी. १८९४ मध्ये मँचेस्टर शिप कॅनॉल सुरू झाला. समुद्रातली जहाजं थेट शहरापर्यंत आणणारा हा कालवा शहराचा मोठा अभिमान होता, पण त्यात येणारं पाणी होतं याच नद्यांचं. त्याच वर्षी कालव्याच्या काठावर डेव्हिहुल्म इथे शहराचं मैलापाणी केंद्र सुरू झालं. तिथे खाली बसणारा गाळ निघायचा खूप. तो बोटीत भरायचा, कालव्यातून बाहेर न्यायचा आणि आयरिश समुद्रात ओतून यायचं. हा तपशील लक्षात ठेवा, मजा पुढे आहे.

१९१२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल कमिशनने सांगितलं की नदीत सोडायच्या पाण्यात बीओडी २० आणि तरंगता गाळ ३० मिलिग्रॅमच्या वर नको. हे वीस-तीसचे आकडे पुढे जगभर फिरले. भारतीय मानकांतही आले. शहरांवर दडपण आलं. गाळण्यांसाठी एवढी जमीन आणायची कुठून?

याच वर्षी गिल्बर्ट फाउलर अमेरिकेला गेले. हे मँचेस्टर महापालिकेचे सल्लागार रसायनतज्ज्ञ आणि तिथल्या विद्यापीठातले अध्यापक. न्यूयॉर्क बंदरातल्या प्रदूषणाच्या कामासाठी गेले होते. त्या दौऱ्यात त्यांनी मॅसॅच्युसेट्समधलं लॉरेन्स प्रयोग केंद्र बघितलं. तिथे क्लार्क आणि गेज हे दोघं बाटल्यांमध्ये मैलापाणी भरून त्यात हवा सोडत होते. बाटलीच्या आत हिरवं शेवाळ धरलं होतं, आणि हवा देत राहिलं की पाणी स्वच्छ होत होतं. फाउलर परत आले ते हे डोक्यात घेऊन. स्वतः ते त्या वेळी ‘एम ७’ नावाच्या एका जिवाणूच्या मागे होते. कोळशाच्या खाणीतल्या पाण्यात सापडलेला हा जिवाणू, थोडं लोह आणि हवा दिली की मैलापाणी नितळ करतो, असं त्यांना आणि त्यांचे सहकारी ममफर्ड यांना दिसलं होतं. त्यांना तो एक खास जिवाणू हवा होता. असे एका औषधाच्या, एका हिरोच्या शोधात असलेले शास्त्रज्ञ त्या काळी बरेच होते.

डेव्हिहुल्मच्या प्रयोगशाळेत काम करणारे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांना फाउलरनी सुचवलं की हवा फुंकून बघा. या दोघांनी बाटल्या घेतल्या, मँचेस्टरचं मैलापाणी भरलं, नळीने हवा सोडायला सुरुवात केली. बाटल्यांना बाहेरून तपकिरी कागद गुंडाळला, कारण त्यांना शेवाळ नको होतं. उजेड नाही तर शेवाळ नाही. जे काही होईल ते हवा आणि जिवाणू यांचंच.

आणि झालं काय? पाणी पूर्ण शुद्ध व्हायला, म्हणजे त्यातला अमोनिया संपून नायट्रेट व्हायला, पाच आठवडे लागले. पाच आठवडे! रोज कोट्यवधी लिटर मैला येणाऱ्या शहराला हे सांगून बघा. आधीच्या मंडळींनी इथेच बाटली धुऊन फडताळात ठेवली असती.

आर्डर्न आणि लॉकेटनी तसं केलं नाही. हवा थांबवली, गाळ तळाशी बसू दिला, वरचं नितळ पाणी ओतून टाकलं. गाळ बाटलीतच ठेवला. त्यावर नवं मैलापाणी भरलं, परत हवा. या वेळी वेळ कमी लागला. परत निथळलं, परत भरलं. अजून कमी. दर फेरीला गाळ वाढत गेला आणि वेळ घटत गेला. शेवटी पाच आठवड्यांचं काम एका दिवसाच्या आत आलं, आणि गाळाचं प्रमाण नीट ठेवलं की अवघ्या काही तासांवर.

तुमच्यातल्या कोणी घरी दही लावलं असेल तर तुम्हाला हे सांगायची गरजच नाही. नुसतं दूध ठेवलं तर ते कधीतरी नासेल, काहीतरी होईल, भरवसा नाही. कालच्या दह्यातलं चमचाभर विरजण लावलं की सकाळी घट्ट दही. आधीचे लोक रोज पातेलं लख्ख घासून नव्याने सुरुवात करत होते. जो गाळ मँचेस्टर बोटीत भरून समुद्रात ओतत होतं, त्याला हवा देऊन पाळलं असतं तर तोच कामाला आला असता.

३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरमध्ये सोसायटी ऑफ केमिकल इंडस्ट्रीच्या सभेत दोघांनी निबंध वाचला. शीर्षकात फक्त एवढंच होतं की गाळण्यांशिवाय मैलापाण्याचं ऑक्सिडेशन. या गाळाला त्यांनी नाव दिलं ‘अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज’. निबंधावर नावं दोघांचीच, फाउलर यांचं नाही. त्यांच्या लाडक्या एम ७ ला पुढे फारसं कोणी विचारलं नाही.

कारण या गाळात हिरो नाहीच. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर कापसाच्या बोंडासारखे पुंजके दिसतात. शेकडो प्रकारचे जिवाणू स्वतःच्या चिकट द्रवात अडकून एकत्र राहतात. कोणी साखर खातं, कोणी साबण, कोणी प्रथिनं. अमोनियाचं नायट्रेट करणारे सगळ्यात सुस्त. त्यांना वाढायला दिवसचे दिवस लागतात, म्हणूनच पहिल्या बाटलीला पाच आठवडे लागले. गाळ टिकवला की हे सुस्त मेंबरही टिकतात. पुंजके जड असल्यामुळे हवा थांबली की अर्ध्या-एक तासात खाली बसतात आणि वर नितळ पाणी उरतं. म्हणजे या जिवाणूंनी दोन कामं करायची असतात : खायचं, आणि नंतर एकत्र बसायचं. खाल्लं पण बसले नाहीत तर पाणी गढूळच बाहेर जातं. कधी कधी धाग्यासारखे लांब जिवाणू माजतात आणि गाळ फुगून तरंगत राहतो. केंद्र चालवणाऱ्यांचं हे जुनं डोकेदुखीचं दुखणं आहे, आजही.

बाटलीतून टाकीत जायला वेळ लागला नाही. १९१४ मध्येच सॅल्फर्डला छोटा प्रकल्प उभा राहिला. १९१६ मध्ये वूस्टर शहरात पाणी सतत वाहतं ठेवणारं केंद्र आलं : एका टाकीत हवा, पुढच्या टाकीत गाळ बसवणं, आणि बसलेल्या गाळातला बराचसा पंपाने परत पहिल्या टाकीत. विरजण परत पातेल्यात. आपल्या बहुतेक मोठ्या केंद्रांचा सांगाडा आजही हाच.

मग आले पेटंटवाले. मँचेस्टरच्या दोघांनी शोध सभेत वाचून मोकळा केला, पण यंत्रणेची पेटंटं एका इंग्लिश कंपनीने घेऊन ठेवली होती. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराने १९२५ मध्ये मोठं केंद्र सुरू केलं आणि निघालेला जास्तीचा गाळ वाळवून ‘मिलॉर्गनाइट’ नावाने खत म्हणून विकायला काढला. आजही ते मिळतं. पेटंटच्या हक्कदारांनी शहरावर खटला भरला. १९३४ मध्ये अपील न्यायालय म्हणालं की शहराने पेटंट मोडलं हे खरं, भरपाई द्या. पण केंद्र बंद करण्याचा आदेश आम्ही देणार नाही, कारण ते बंद झालं तर अख्ख्या शहराचा मैला मिशिगन सरोवरात जाईल आणि लोकांच्या आरोग्याला धोका होईल. पेटंटच्या कायद्यात हा निकाल अजून चर्चेत असतो. माझ्या मते गटारांच्या इतिहासातला हा सगळ्यात समजूतदार निकाल आहे.

आता भारत. आणि इथे मला मनापासून आश्चर्य वाटलं होतं, कारण ही पद्धत आपल्याकडे पन्नास वर्षांनी, जुनी होऊन आली असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात गिल्बर्ट फाउलर स्वतःच इथे आले. १९१६ साली, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून. जमशेटजी टाटांच्या स्वप्नातली ही संस्था तेव्हा अवघी सात वर्षांची होती. पुढे तिथे बायोकेमिस्ट्रीचा विभाग उभा राहिला तो फाउलर यांच्या हाताखाली. टाटांच्या पोलाद कारखान्याच्या गावी, जमशेदपूरला, ही गाळाची पद्धत भारतात फार लवकर वापरात आली.

फाउलर यांना इथे मैल्यात वेगळंच काहीतरी दिसलं. मँचेस्टरमध्ये प्रश्न होता नदीचा. भारतात त्यांना प्रश्न दिसला शेतीचा. या गाळात नायट्रोजन भरपूर असतो, आणि इथली जमीन नायट्रोजनसाठी भुकेली. शहर जे गटारात सोडतं ते शेतातूनच आलेलं असतं, ते परत शेतात गेलं पाहिजे, हा विचार त्यांनी पुढे अनेक वर्षं धरून ठेवला आणि १९३४ मध्ये नायट्रोजन वाचवण्यावर एक पुस्तकही लिहिलं.

बंगळूरमध्ये गाळाचा अभ्यास त्यांच्यानंतरही चालू राहिला. १९४० च्या दशकात एस. सी. पिल्लै आणि व्ही. सुब्रह्मण्यन यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिलं की सगळं श्रेय जिवाणूंना देऊ नका. गाळात एपिस्टायलिससारखे एकपेशीय प्रोटोझोआ असतात, देठावर उमललेल्या घंटेच्या फुलांसारखे दिसणारे, आणि पाणी स्वच्छ होण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी हा वाटा जरा जास्तच मोठा सांगितला होता. विरघळलेली घाण खातात ते मुख्यतः जिवाणूच. पण १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगांत दिसलं की हे प्रोटोझोआ नसतील तर बाहेर पडणारं पाणी गढूळ राहतं, आणि ते सोडले की नितळ होतं. पुंजक्यात न बसलेले, एकटेदुकटे फिरणारे जिवाणू ते गिळून टाकतात. आज चांगल्या केंद्रातला केमिस्ट सकाळी थेंबभर पाणी मायक्रोस्कोपखाली धरतो ते हीच घंटेची फुलं आहेत का, हे बघायला. फुलं दिसली की तब्येत ठीक.

आणि तो हिरवा रंग आठवतोय? लॉरेन्सच्या बाटलीतला, जो मँचेस्टरवाल्यांनी कागद गुंडाळून बाहेर ठेवला? तो आपल्याकडे नागपूरला परत आला. १९५८ साली तिथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली, जिला आज आपण ‘नीरी’ म्हणतो. तिथल्या मंडळींनी विचार केला की छोट्या गावांना ब्लोअर, वीज, मेकॅनिक कुठून परवडणार? पण ऊन आहे, ते फुकट. उथळ तळं करा, मैलापाणी सोडा, शेवाळ वाढू द्या. शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं, जिवाणू तो वापरतात. अशा तळ्यांवर त्यांनी अनेक वर्षं काम केलं, बांधणीच्या मार्गदर्शिका लिहिल्या. एकच अडचण, जागा भरपूर लागते. पुण्या-मुंबईत तेवढ्या जागेवर टॉवर उभा राहतो.

म्हणून शहरात हवा यंत्रानेच द्यायची, आणि खरी ओढाताण इथे सुरू होते. अशा केंद्राच्या एकूण विजेतली साधारण निम्मी किंवा त्याहून जास्त वीज फक्त हवा फुंकण्यात जाते. बुडबुडा जितका बारीक तितका ऑक्सिजन पाण्यात जास्त विरघळतो, त्यामुळे टाकीच्या तळाशी बारीक छिद्रांचे रबरी डिफ्यूझर बसवतात. ते तुंबले की बुडबुडे मोठे होतात, वर येऊन फुटतात आणि बिल तेवढंच राहतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार भारतातल्या शहरांत रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं. ते शुद्ध करायची बांधलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर. आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होतं २०,२३५. पहिल्या दोन आकड्यांमधलं अंतर पैशाचं आणि जमिनीचं आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यातलं अंतर मला जास्त टोचतं. त्या टाक्या बांधून झाल्या आहेत.

हे तुमच्या बिल्डिंगखालीही चालू असेल. मोठ्या सोसायट्यांना स्वतःचा एसटीपी असतो. मी एका सोसायटीत भाड्याने राहत होतो. तिथल्या मीटिंगमध्ये दरवेळी विषय निघायचा : वीजबिल वाढलंय, रात्री ब्लोअर बंद ठेवूया का? एका काकांनी तर सांगितलं की टाकी ‘एकदा पूर्ण साफ करून घ्या’, किती गाळ साचलाय!

ब्लोअर तासभर बंद राहिला तर फारसं बिघडत नाही. रात्रभर बंद राहिला की टाकीतला ऑक्सिजन संपतो, ओल्या मातीचा वास जाऊन सडक्या अंड्यांचा येतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायू. थोडा असेल तर नाक सांगतं. जास्त असेल तर नाकच बधिर होतं आणि माणूस जागेवर कोसळतो. अशा टाक्यांमध्ये उतरलेल्या, आणि त्यांना वाचवायला मागून उतरलेल्या कामगारांच्या मृत्यूच्या बातम्या आपण दर काही महिन्यांनी वाचतो. संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तुमच्या सोसायटीत कोणी ‘जरा आत उतरून बघ रे’ म्हणत असेल तर तिथेच थांबवा. नंतर नाही, तिथेच.

आणि त्या काकांचं ‘पूर्ण साफ करा’? तसं केलं की आपण थेट १९१३ च्या मँचेस्टरमध्ये, पहिल्या बाटलीपाशी. गाळ गेला की जिवाणू गेले, ब्लोअर कितीही फुंका. रोज थोडा जास्तीचा गाळ काढायचाच असतो, नाहीतर तो टाकीबाहेर वाहायला लागतो, पण सगळा कधीच नाही. रिकामी टाकी परत चालू करायला काही आठवडे जातात. ते टाळायला ऑपरेटर काय करतात माहितीये? काही जण शेण आणि गूळ टाकून सुरुवात करतात. जरा जाणकार असेल तो जवळच्या चालू केंद्रातून टँकरभर जिवंत गाळ मागवतो. घरातलं विरजण संपलं की वाटी घेऊन शेजारी जातो ना, तसं.

एक गंमत सांगून थांबतो. पणजीजवळ टोंका इथे किंवा नवी मुंबईत नेरूळला जी केंद्रं आहेत, तिथली पद्धत ‘एसबीआर’ म्हणून ओळखली जाते. एकाच टाकीत पाणी भरायचं, हवा द्यायची, हवा थांबवून गाळ बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी काढायचं, गाळ तसाच ठेवून परत भरायचं. व्हॉल्व्ह आणि वेळा कॉम्प्युटर सांभाळतो. बाकी कृती आर्डर्न आणि लॉकेट यांच्या बाटलीचीच आहे, फक्त तपकिरी कागद नाही.

पुढच्या भागात उलट्या बाजूला जाऊ, हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंकडे. त्यासाठी मँचेस्टरला जायची गरज नाही. १८९७ च्या सुमारास मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग आश्रमात मैल्याच्या टाकीतून निघणारा गॅस साठवून त्यावर दिवे लावले होते. त्याची गोष्ट पुढच्या वेळी. तोवर भेटू!